हात कोणी वर केले?

टायब्रेकरमध्ये एखादा संघ हरला की दुसऱ्या दिवशी जे बोललं जातं, ते ऐकून आता चीड येते. ११ जुलै २०२१ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर युरो स्पर्धेचा अंतिम सामना झाला. इंग्लंड आणि इटली १-१ अशा बरोबरीत राहिले आणि पेनल्टींवर इटली ३-२ ने जिंकलं. इंग्लंडच्या रॅशफर्डचा फटका खांबाला लागला, सँचोचा आणि साकाचा फटका गोलरक्षक डोनारुम्मानं अडवला. बुकायो साका पाचवा होता. वय वर्षं १९. वरिष्ठ व्यावसायिक सामन्यात त्यानं तोवर एकही पेनल्टी मारलेली नव्हती. अशा मुलाच्या पायाशी स्पर्धेतला शेवटचा चेंडू कसा आला, हा त्या रात्रीचा खरा प्रश्न. चर्चा मात्र रंगली ती मोठे खेळाडू कुठे दडून बसले होते यावर.

या चर्चेमागे एक पक्की समजूत आहे. ती अशी : पेनल्टी म्हणजे शेवटी नशिबाचा खेळ. तिथे तंत्र चालत नाही, छाती लागते. म्हणून कोचनं खेळाडूंना विचारावं आणि ज्याची तयारी असेल त्यानं मारावी. त्यातही नावाजलेल्यांनी, अनुभवी खेळाडूंनी आधी पुढं व्हावं. पोरासोरांना ढकलू नये. बाकावरून नुकत्याच उठून आलेल्याला तर मुळीच पाठवू नये. आणि संघातला सगळ्यात भारी खेळाडू पाचव्या पेनल्टीसाठी राखून ठेवावा. कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेला शौकीन हेच सांगतो, टीव्हीच्या स्टुडिओत बसलेला माजी विश्वविजेताही हेच सांगतो. माझं म्हणणं असं, की यातलं प्रत्येक विधान चुकीचं आहे. आणि ही सगळी विधानं मिळून एकाच माणसाला पाठीशी घालतात : निवड करणं हेच ज्याचं काम होतं, त्या कोचला.

आधी नशीब घेऊ. चेंडू गोलरेषेपासून ११ मीटरवर ठेवलेला. समोर ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच गोल. मध्ये एकच माणूस. मोठ्या स्पर्धांच्या टायब्रेकरमध्ये साधारण दहातल्या सात पेनल्टींवर गोल होतो. दहातली सात तिकिटं ज्यात लागतात त्याला लॉटरी म्हणायचं का? जर्मनीनं विश्वचषकात १९८२, १९८६, १९९० आणि २००६ असे चार टायब्रेकर खेळले आणि चारही जिंकले. त्यांत त्यांनी एकूण १८ पेनल्टी मारल्या, त्यातल्या १७ गोलात गेल्या. क्रोएशियानं २०१८ आणि २०२२ च्या विश्वचषकांत मिळून चार टायब्रेकर खेळले, चारही जिंकले. याउलट विश्वचषक आणि युरो मिळून २०१८ पूर्वी इंग्लंडनं सात खेळले आणि त्यातले सहा हरले. एवढ्या थोड्या सामन्यांवरून शास्त्र मांडता येत नाही, एवढं मी मान्य करतो. पण इंग्लंडनं त्या काळात काय केलं ते पाहा, म्हणजे नशिबाला दोष द्यावासा वाटणार नाही. १९९८ च्या विश्वचषकावेळी कोच ग्लेन हॉडल यांचं मत होतं की पेनल्टीचा सराव करून फारसा उपयोग नाही, सामन्यातला ताण सरावात आणता येत नाही. सेंत एतियेनला अर्जेंटिनाविरुद्ध टायब्रेकर आला. पाचवी पेनल्टी डेव्हिड बॅटीकडे गेली. त्यानं कारकिर्दीत कधी पेनल्टी मारलेलीच नव्हती. गोलरक्षक रोआनं ती अडवली आणि इंग्लंड घरी गेलं. यात नशीब कुठे आलं? ज्यानं हे काम कधी केलेलं नाही त्याला ते सर्वांत अवघड क्षणी सांगितलं गेलं, आणि व्हायचं तेच झालं.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे स्पेन. लुईस एन्रिके यांनी २०२२ च्या विश्वचषकाआधी आपल्या खेळाडूंना हजार-हजार पेनल्टी मारण्याचा गृहपाठ दिला होता. मोरोक्कोविरुद्ध सामना ०-० राहिला आणि टायब्रेकरमध्ये साराबिया, सोलेर, बुस्केट्स असे तिघेही ओळीनं चुकले. झाला की नाही सराव वाया, असं विचारतात. सराव वाया गेला हे कशावरून ठरवलं? सरावानं हमी मिळत नाही, शक्यता वाढते. हमीच हवी असेल त्यानं खेळ पाहू नये. शिवाय हजार पेनल्टी मारून घेणं वेगळं आणि त्यातून माणसं निवडणं वेगळं. पहिलं कष्टाचं काम आहे, दुसरं निर्णयाचं. आणि ज्यांच्या संघानं पुढे टायब्रेकरमध्ये एकही गोल केला नाही, त्या एन्रिके यांनीच सामन्याआधी टायब्रेकरला लॉटरी म्हणायला नकार दिला होता. कोच स्वतः नशिबाची सबब नाकारतो आणि घरी बसून सामना पाहणारे आपण ती त्याच्या वतीनं पुढे करतो, हे कसं चालेल?

आता स्वयंसेवकांकडे वळू. ‘ज्याची छाती त्यानं मारावी’ हा विचार ऐकायला मर्दानी आहे, लोकशाहीचाही वाटतो. तो प्रत्यक्षात कसा दिसतो? ५ डिसेंबर २०२२, कतार. जपान आणि क्रोएशिया १-१. जपानचे कोच मोरियासु यांनी पेनल्टी कोण मारणार हे खेळाडूंच्या इच्छेवर सोडलं. मिनामिनोनं नंतर सांगितलं की पाचेक सेकंद कोणीच पुढे आलं नाही, तेव्हा आपण मारतो असं तो म्हणाला. पहिली पेनल्टी त्यानं मारली, ती लिवाकोविचनं अडवली. मितोमाची अडवली, कर्णधार योशिदाची अडवली. क्रोएशिया ३-१ नं जिंकलं. त्या पाच सेकंदांचा विचार करा. मिनामिनो पुढे आला तो संघात सर्वांत चांगली पेनल्टी मारतो म्हणून, की ती शांतता त्याला सहन झाली नाही म्हणून? हात वर करण्यातून एवढंच कळतं की अवघडलेपण सर्वांत आधी कोणाला असह्य झालं. चेंडू कोण अचूक मारेल हे त्यातून कळत नाही.

तयारी दाखवणं आणि काम जमणं यांतलं अंतर वेम्बलीच्या त्या रात्री इंग्लंडचे कोच असलेल्या गॅरेथ साउथगेटइतकं कोणाला ठाऊक असेल? १९९६ च्या युरो उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध पहिले पाचही इंग्लिश खेळाडू गोल करून परतले होते. सहावा कोण, असा प्रश्न आला. साउथगेटनं तयारी दाखवली. कारकिर्दीत त्यानं त्याआधी एकच पेनल्टी मारली होती आणि ती खांबाला लागली होती. छाती होती, इच्छा होती, संघावर प्रेम होतं. फटका मात्र गोलरक्षकाच्या हातात गेला. २०१४ च्या विश्वचषकात नेदरलँड्सचे लुई व्हान हाल यांनी अर्जेंटिनाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात पहिली पेनल्टी मारायला दोघांना विचारलं, दोघांनी नकार दिला, आणि ती बचावपटू रॉन व्लारकडे आली. ती अडवली गेली. याच व्हान हाल यांनी आधीच्या सामन्यात कोस्टारिकाविरुद्ध खास टायब्रेकरसाठी टिम क्रुल हा गोलरक्षक शेवटच्या मिनिटाला मैदानात उतरवला होता आणि त्यानं दोन पेनल्टी अडवल्या होत्या. गोलरक्षकाबाबत एवढी आखणी करणारा कोच पेनल्टी मारणाऱ्यांबाबत ऐनवेळी विचारपूस करत फिरतो. पेनल्टी मारणं हे छातीचं काम आहे, ही समजूत एवढी खोल रुजलेली आहे.

आपल्याकडे कुठल्याही स्पर्धेतला टायब्रेकर मैदानाच्या कडेला उभं राहून पाहा. शिट्टी वाजते. खेळाडू गवतावर आडवे पडतात. कोणाच्या पोटरीत गोळा आलेला असतो, कोणी मोजे खाली ओढून शिनगार्ड काढत असतो. कोच मध्ये येऊन उभा राहतो आणि विचारतो, “कोण मारतंय?” दोघे लगेच हो म्हणतात. एक जण बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागतो. एक बाटली तोंडाला लावतो आणि ती रिकामी झाल्यावरही खाली घेत नाही. मग कोणीतरी मागून म्हणतं, “ह्याला द्या, हा मारतो.” आणि ज्याचं नाव घेतलं गेलं तो सगळ्यांसमोर नाही म्हणू शकत नाही. याला निवड म्हणायचं? दोन तासांच्या दमणुकीनंतर, साथीदारांच्या आणि प्रेक्षकांच्या देखत एखाद्याला ‘तुझ्यात दम आहे का’ असं विचारणं हा अन्याय आहे. हाच प्रश्न पंधरा दिवस आधी, सरावानंतर, एकट्यात विचारा. तेव्हा एखादा नाही म्हणाला तर ती उपयोगी माहिती असते. त्या क्षणी तो नाही म्हणाला तर ती जन्मभराची बदनामी होते.

तिसरं विधान नावाचं. मोठ्यांनी पुढे यावं. वेम्बलीच्या त्या रात्री माजी खेळाडू रॉय कीननं टीव्हीवर स्टर्लिंग आणि ग्रीलिशवर ठपका ठेवला : तुमच्याआधी एका लाजऱ्याबुजऱ्या १९ वर्षांच्या मुलाला कसं जाऊ दिलंत? ग्रीलिशनं उत्तर दिलं की आपण मारायला तयार असल्याचं सांगितलं होतं, निर्णय कोचचा होता. म्हणजे आरोपाचा पायाच खोटा ठरला. तरी तो आरोप आजही फिरतो आहे, कारण तो सोपा आहे. मोठं नाव आणि चांगली पेनल्टी यांचा संबंध आहे असं आपण धरून चालतो. १९९४ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात इटलीकडून कोण चुकलं? सगळ्यांना बाजो आठवतो. पण पहिलीच पेनल्टी चुकली ती कर्णधार फ्रँको बारेसीची. स्पर्धेतच गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेला तो माणूस १२० मिनिटं खेळून आला होता. १९८६ मध्ये ब्राझील आणि फ्रान्स यांच्या टायब्रेकरमध्ये सॉक्रेटिस चुकला, प्लातिनीही चुकला. नॉर्वेचे संशोधक गायर यॉर्डेट यांनी मोठ्या स्पर्धांतल्या टायब्रेकरचा अनेक वर्षं अभ्यास केला. मोठे पुरस्कार आधीच मिळवून बसलेले खेळाडू टायब्रेकरमध्ये, पुढे ज्यांना ते मिळणार होते अशा खेळाडूंपेक्षा कमी यशस्वी ठरतात, असं त्यांना आढळलं. नावाबरोबर अपेक्षांचं ओझंही येतं, यात नवल वाटण्यासारखं काय आहे? दुसऱ्या बाजूला २००४ च्या युरोत इंग्लंडविरुद्ध पोर्तुगालची निर्णायक पेनल्टी गोलरक्षक रिकार्दोनं मारली आणि गोल केला. २०१२ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात बायर्नची तिसरी पेनल्टी गोलरक्षक नॉयरनं मारली, तीही गोलात गेली. त्याच टायब्रेकरमध्ये श्वाइनश्टायगरचा फटका खांबाला लागला. पेनल्टीला खेळाडूची जागा, वय आणि मानधन कळत नाही.

चौथं विधान बदली खेळाडूंचं. रॅशफर्ड आणि सँचो यांना जादा वेळेच्या अखेरच्या मिनिटाला आत आणलं, दोघेही चुकले. म्हणून थंड अंगाच्या खेळाडूला पेनल्टी देऊ नये, हा सिद्धांत त्या रात्री जन्माला आला. दीड वर्षानंतर, १८ डिसेंबर २०२२ ला, लुसेलमध्ये विश्वचषकाचा अंतिम सामना ३-३ असा असताना अर्जेंटिनाच्या स्कालोनी यांनी जादा वेळ संपता संपता दिबालाला आत आणलं. कशासाठी, हे मैदानावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. फ्रान्सच्या कोमाँचा फटका नुकताच अडवला गेला होता. दिबालानं दुसरी पेनल्टी गोलाच्या मधोमध मारली आणि अर्जेंटिना पुढं गेलं. मग सिद्धांत बदलायचा का? बदली खेळाडू चालतो किंवा चालत नाही, असा नियमच नसतो. विचारायचं ते हे : त्याची पेनल्टी मारण्याची पद्धत पक्की आहे का, त्याला आधी सांगितलेलं आहे का, आत आल्यावर चेंडूला दोन-चार वेळा पाय लावण्याइतका वेळ दिला का? साउथगेट यांची चूक होती ती वेळ न देण्याची. ६ जुलै २०२४ ला ड्युसेलडॉर्फमध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध त्यांच्याच इंग्लंडनं पाचही पेनल्टी गोलात घातल्या. पामर, बेलिंगहॅम, साका, टोनी, अलेक्झांडर-आर्नोल्ड. या पाचांतले तिघे बदली खेळाडू होते, पण ते शेवटच्या मिनिटाची वाट न पाहता आत आले होते. तिसरा होता तोच साका. गोलरक्षक पिकफर्डच्या पाण्याच्या बाटलीवर स्वित्झर्लंडच्या खेळाडूंची नावं आणि कोणासाठी कुठे झेपावायचं हे लिहिलेलं होतं. अकांजीच्या नावापुढे डावीकडे असं होतं. पिकफर्ड डावीकडे गेला आणि पहिलीच पेनल्टी अडवली. तीन वर्षांत त्या संघाचं नशीब बदललं, असं आता कोणी म्हणणार आहे का?

पाचवं विधान सर्वांत हट्टी आहे : हुकमी खेळाडू शेवटी. २७ जून २०१२, दोनेत्स्क, युरोचा उपांत्य सामना. पोर्तुगालनं रोनाल्डोला पाचव्या क्रमांकावर ठेवलं. मुतिन्यो चुकला, ब्रुनो आल्व्हेसचा फटका क्रॉसबारवर आदळला, फाब्रेगासनं स्पेनला जिंकून दिलं, आणि जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक मधल्या रेषेवर उभाच राहिला. यातून कोणी काही शिकलं का? फेब्रुवारी २०२२ मध्ये आफ्रिका चषकाच्या अंतिम सामन्यात इजिप्तनं सालाहला पाचवा ठेवला. त्याची पाळी आलीच नाही, सेनेगल जिंकलं. डिसेंबर २०२२ मध्ये ब्राझीलनं क्रोएशियाविरुद्ध नेमारला पाचवा ठेवला आणि पहिली पेनल्टी २१ वर्षांच्या रॉड्रिगोला दिली. रॉड्रिगो चुकला, मार्किन्योसचा फटका खांबाला लागला, नेमारची पाळी आली नाही. कोच तिते यांचं स्पष्टीकरण असं होतं की पाचव्या पेनल्टीवर सर्वांत जास्त दडपण असतं. पण साधा हिशोब करा. प्रत्येक संघाच्या पहिल्या तीन पेनल्टी होणारच. चौथी होईलच असं नाही, पाचवी तर नाहीच नाही. जी पेनल्टी कदाचित मारावीच लागणार नाही तिच्यासाठी सर्वोत्तम माणूस राखून ठेवणं म्हणजे त्याला संघाबाहेर ठेवण्यासारखंच आहे.

आणि दडपण येतं कुठून? यॉर्डेट यांच्याच अभ्यासात दिसलं की ज्या पेनल्टीवर गोल झाला की संघ लगेच जिंकणार, त्या ९२ टक्के गोलात जातात. ज्या चुकल्या की संघ लगेच हरणार, त्यांचं प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास घसरतं. अंतर तेवढंच, चेंडू तोच. सुरुवातीच्या पेनल्टींनी संघाला कुठे आणून ठेवलं त्यावर शेवटच्याचं काम सोपं होतं किंवा अवघड. शेवटच्याला वाचवायचं तर पहिले चांगले हवेत. २०२२ मध्ये मेस्सीनं नेदरलँड्सविरुद्ध आणि अंतिम सामन्यातही अर्जेंटिनाची पहिली पेनल्टी मारली, दोन्ही गोलात गेल्या, दोन्ही वेळा अर्जेंटिना जिंकलं. याचा उलट दाखलाही देतो. सालाहनं मार्च २०२२ मध्ये सेनेगलविरुद्धच पहिली पेनल्टी मारली आणि ती गोलावरून गेली. यावरून पहिला क्रमांक चुकीचा ठरतो का? ठरत नाही. तिथे सालाहला मारायची संधी तरी मिळाली.

हा दूरच्या देशांचा विषय आहे असं कोणाला वाटत असेल तर फातोर्डा आठवा. इंडियन सुपर लीगचे २०२२ आणि २०२३ चे अंतिम सामने गोव्यातल्या त्याच मैदानावर झाले आणि दोन्ही टायब्रेकरवर सुटले. २०२२ मध्ये हैदराबादकडून गोव्याच्याच लक्ष्मीकांत कट्टीमणीनं केरळा ब्लास्टर्सच्या तीन पेनल्टी अडवल्या आणि हैदराबाद ३-१ ने जिंकलं. कट्टीमणीचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण अशा प्रत्येक निकालानंतर दुसराही प्रश्न विचारायला हवा : हरलेल्या संघानं पेनल्टी मारणारे कसे निवडले? त्यांचा क्रम कोणी लावला, केव्हा लावला, कशावरून लावला? आपल्याकडे भारतीय संघाच्या आक्रमणावर, मधल्या फळीवर, परदेशी कोचच्या पगारावर स्तंभच्या स्तंभ लिहिले जातात. विजेतेपद ज्या दहा मिनिटांत ठरतं त्याबद्दल मात्र दोनच शब्द असतात : नशीब आणि हिंमत.

या दोन शब्दांची किंमत कोण मोजतो, तेही पाहा. टायब्रेकर ही हिमतीची परीक्षा आहे असं एकदा ठरवलं की चुकलेला खेळाडू आपोआप भित्रा ठरतो. चेंडू एक वीत बाहेर गेला ही खेळातली चूक राहत नाही, ती माणसाच्या चारित्र्यातली खोट ठरते. वेम्बलीनंतर रॅशफर्ड, सँचो आणि साका या तिघा कृष्णवर्णीय तरुणांवर सोशल मीडियावरून वंशद्वेषी शिव्यांचा मारा झाला. मँचेस्टरमधलं रॅशफर्डचं भित्तिचित्र विद्रूप केलं गेलं. त्या शिव्या देणारे गुन्हेगार होते आणि वंशद्वेष ही त्यांची स्वतःची घाण होती. पण एका माणसाच्या एका फटक्यावरून त्याची लायकी ठरवायची सवय त्यांना कोणी लावली? दर टायब्रेकरनंतर ‘दम नव्हता’ असं बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या आपण सर्वांनी. त्या रात्री साउथगेट यांनी एक गोष्ट बरोबर केली. पेनल्टी कोण मारणार हे मी ठरवलं, जबाबदारी माझी, असं त्यांनी लगेच सांगितलं. त्यांची निवड चुकली असेल; निवड आपली आहे हे त्यांनी नाकारलं नाही.

एवढीच अपेक्षा प्रत्येक कोचकडून ठेवली पाहिजे, मग तो विश्वचषकातला असो की तालमीच्या संघाचा. बाद फेरीच्या सामन्याआधी अकराच्या अकरा जणांचा आणि बाकावरच्यांचाही पेनल्टीचा क्रम लिहून तयार हवा, कारण पाच-पाच पेनल्टींनंतरही बरोबरी राहिली तर सडन डेथमध्ये सातवा-आठवाही लागतो. तो क्रम सरावात मोजलेल्या फटक्यांवरून लागावा, नावावरून किंवा वयावरून नाही. सर्वांत भरवशाचे पहिल्या तिघांत असावेत. बदली करायची तर वेळेत करावी. शिट्टी वाजल्यावर वर्तुळात प्रश्न विचारायचा नसतो, नावं सांगायची असतात. आणि पेनल्टी चुकली तर माइकसमोर आधी कोचनं उभं राहावं. हे ज्यानं केलं नाही त्यानं नशिबाचं नाव घेऊ नये, आणि आपणही घेऊ देऊ नये. ११ मीटरवरून चेंडू मारणं खेळाडूचं काम आहे. तो कोणी मारायचा हे ठरवणं कोचचं काम आहे, त्याचेच त्याला पैसे मिळतात, आणि ते काम एखाद्या दमलेल्या १९ वर्षांच्या मुलाच्या धैर्यावर ढकलण्याचा अधिकार कुठल्याही कोचला नाही.